बरणीतला हिरवा तुकडा

१

बाटली उघडली डॉक्टरांनीच. दातांचे डॉक्टर, उभा जन्म लोकांना 'आ करा' म्हणण्यात गेला, आता निवृत्त. नात झाली, त्या आनंदात त्यांनी संग्रहातली सगळ्यात भारी बाटली बाहेर काढली, तोंडावरचं मेण खरवडलं, बूच अलगद फिरवून काढलं आणि तीन ग्लासांत बोटभर व्हिस्की ओतली. स्वतःचा ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"ही ती नाही," ते म्हणाले.

शेजारी बसलेल्या बाइंडरांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. माझ्या धाकट्या भावाने नुसता वास घेतला, कारण बायपासपासून त्याला दारू बंद आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात कुणालाही मिळते तसली साधी व्हिस्की होती म्हणे ती. आणि बाटलीवर लेबल त्या डिस्टिलरीचं, जी बंद पडून, पाडून, तिच्या जागी गोदामं उभी राहिली त्यालाही जमाना झाला. डॉक्टरांनी आपली जुनी लाडकी गाडी विकून ती बाटली घेतली होती. बाटली विकणारा माझा भाऊ.

मी तिथे नव्हते. मला दारूच्या वासानेच मळमळतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा माझ्या दारात उभा, दाढी वाढलेली, चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या.

"ताई, मी संपलो," तो म्हणाला. "आमच्या धंद्यात शब्द गेला की सगळं गेलं. उद्या कोण माझ्याकडून बाटली घेणार?"

त्याला बसवलं, पाणी दिलं. आता माझ्याबद्दल सांगायचं तर मी विमा कंपनीत क्लेम तपासायचे. आग लागली म्हणून रडत येणाऱ्यांच्या राखेत हात घालून, आग कुठून सुरू झाली ते सांगायचे. लोक मला खडूस म्हणायचे आणि ते खरंच होतं. पण माझा रिपोर्ट कुणी परत पाठवला नाही.

"डॉक्टर म्हणतात, येत्या रविवारी सगळे जमू," धाकटा म्हणाला. "हे काम कोणाचं ते ताईंनी शोधावं. ताई ज्याचं नाव घेतील त्याच्याशी एकही संग्राहक व्यवहार करणार नाही. बाइंडरलाही मान्य आहे."

"आणि तुला?"

त्याने गळ्यातली दोरी काढून माझ्या हातात दिली. तिला त्याच्या बाटल्यांच्या कपाटाची किल्ली होती. ही किल्ली तो आंघोळीलासुद्धा काढत नाही. फक्त एकदा काढली होती, ऑपरेशनला आत नेताना, आणि माझ्या मुठीत ठेवली होती.

"तुझ्याशिवाय माझा कोणावर विश्वास नाही, ताई," तो म्हणाला. मग दाराशी जाऊन घुटमळला. "मला कोणाचं नाव घ्यायचं नाही. पण कपाट उघडशील तेव्हा बरणी नीट बघ."

२

आधी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती बाटली कापडात गुंडाळून ठेवली होती, एखाद्या मेलेल्या पाखरासारखी. गर्द हिरवी काच. खांद्यापाशी काचेत अडकलेला हवेचा एक बुडबुडा, तांदळाच्या दाण्याएवढा. लेबलचा एक कोपरा नव्याने चिकटवलेला, पण इतका सफाईदार की बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

"लेबल खरं आहे, बाटली खरी आहे," डॉक्टर म्हणाले. "खोटं आहे ते फक्त आतलं. कोपरा उचकटला होता म्हणून मीच धाकट्याला म्हटलं, विकायच्या आधी बाइंडरकडून नीट करून दे. तीन-चार दिवस बाटली बाइंडरकडे होती." एवढं बोलून त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "ताई, तो माणूस माझ्या पंगतीला बसतो हो."

बाइंडर म्हणजे जुन्या पुस्तकांची बांधणी करणारे. फाटकं पान असं जोडतात की सांधा सापडत नाही. बाटल्यांची जुनी लेबलंही तेच दुरुस्त करतात. एकटे असतात. बायको गेली, मूलबाळ नाही. ही दोन-तीन मित्रांची बैठक हेच त्यांचं घर.

तिथून भावाकडे. तो मला कपाटापाशी घेऊन गेला, माझ्याकडून किल्ली घेऊन कुलूप उघडलं आणि दोरी परत गळ्यात घातली. काचेच्या दारामागे बाटल्या उभ्या, एकही आडवी नाही. व्हिस्की आडवी ठेवली की बूच खाते, हे तो मला शंभरदा सांगून बसलाय.

"हिरव्या दोन होत्या," तो म्हणाला. "मी आणि बाइंडरने तरुणपणी निम्मे निम्मे पैसे घालून घेतलेल्या. पहिली कधी उघडली, तुला माहीतच आहे."

माहीत होतं. तो ऑपरेशनहून जिवंत घरी आला त्या दिवशी.

"काय चीज होती गं ती!" त्याचे डोळे चमकले. एरवी रडवेला झालेला माणूस त्या आठवणीने फुलला. "आधी जुन्या चामड्याचा वास. मग मध. शेवटी जिभेच्या टोकाला मीठ. आणि उघडून महिना झाला ना, की तिखटपणा जातो आणि अशी गोड होते..."

"बास. मला उलटी होईल," मी म्हटलं. "बरणी दाखव."

कपाटाच्या तळाला लोणच्याला ठेवतात तसली काचेची मोठी बरणी होती. या लोकांची एक रीत आहे. भारी बाटली संपली की ती तिथल्या तिथे फोडायची. कारण रिकाम्या बाटलीलाही गिऱ्हाईक असतं. कुणीतरी ती विकत घेतं, आत काहीतरी स्वस्त भरतं आणि खरी म्हणून विकतं. म्हणून बाइंडर अंगणात नेऊन, पोत्यात घालून, हातोडीने ती फोडतात आणि आठवण म्हणून एक तुकडा या बरणीत टाकतात.

मी बरणी मांडीवर घेऊन फिरवली. मग सगळे तुकडे वर्तमानपत्रावर ओतले. पांढरे. तपकिरी. एक निळसर.

हिरवा एकही नव्हता.

मी भावाकडे बघितलं. तो खाली मान घालून उभा होता.

"म्हणजे पहिली हिरवी फोडलीच नाही?" मी विचारलं.

"पोत्यात काय फुटलं ते कोणी बघितलंय, ताई?" तो हळूच म्हणाला. "आवाज तर सगळ्याच बाटल्यांचा सारखाच येतो."

३

भावजय स्वयंपाकघरात होती. ती या बाटल्यांना सवती म्हणते.

"मला काही विचारू नका, ताई," ती म्हणाली आणि मग न विचारता सगळं सांगितलं. "त्या कपाटाला मी हात लावत नाही. किल्ली गळ्यात बांधलेली. दर रविवारी दुपारी खोलीचं दार लावून घेतात आणि एकेक बाटली पुसत बसतात. बाहेर आले की स्वारी खुशीत असते. गाणं काय म्हणतील, मला जवळ काय घेतील! मग मस्त झोप. मी म्हणते, असू दे. दुसरं काय सुख आहे त्यांना?"

"ऑपरेशनहून घरी आला त्या दिवशी तू होतीस ना?"

"होते तर! मीच ग्लास मांडले. यांनी शपथ घेतली होती माझ्यापुढे आणि तुमच्यापुढे. एक थेंब घेतला नाही हो. नुसता ग्लास हुंगला आणि बाइंडरांना दिला. म्हणाले, माझ्या वाटचं तू पी. बाइंडर रडले होते तेव्हा. एका बैठकीत बाटली संपवली त्यांनी आणि डॉक्टरांनी, आणि लगेच फोडून टाकली." तिने डोळ्यांना पदर लावला. "आणि तो माणूस असं करेल? माझ्या ताटात जेवलेला माणूस?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. रडण्याचं सोंग करून मित्राच्या बाटलीवर डोळा ठेवणारा माणूस!

भाचा वरच्या खोलीत होता. त्याचाही धंदा तसलाच, फक्त माल वेगळा. कंपनीने मोजकेच काढलेले बूट, खेळाडूंची जुनी कार्डं, छोट्या छोट्या गाड्या. खोली खोक्यांनी भरलेली आणि स्वतःच्या पायात मात्र झिजलेली स्लीपर.

"हे बूट घालत नाहीस?" मी विचारलं.

"आत्या, खोकं उघडलं की भाव पडला," तो हसला. "आमच्यात उघडतं कोण? घेणारा पुढच्याला विकतो, तो त्याच्या पुढच्याला. आत दगड ठेवले तरी वर्षानुवर्षं कळायचं नाही."

"व्हिस्कीचंही तसंच?"

"तसंच. डॉक्टरकाकांनी उघडली हाच चमत्कार." मग तो एकदम गंभीर झाला. "आत्या, तू रविवारी नाव घेणार?"

"घेणार."

"बाइंडरकाकांचं?"

त्याने एका खोक्याची चिकटपट्टी नखाने उचकटली आणि परत दाबून बसवली.

"आत्या," तो म्हणाला, "तुझ्या ऑफिसात कोणी गिऱ्हाईक आलं असतं, तर तू सगळ्यात आधी काय केलं असतंस?"

"म्हणजे?"

"काही नाही. असंच," तो म्हणाला आणि फोन उचलून कोणाशी तरी बुटांच्या मापाबद्दल बोलायला लागला.

४

बाइंडरांच्या कामाच्या खोलीत खळीचा वास होता. टेबलावर एका जाडजूड पुस्तकाची शिवण उसवून ठेवलेली. मला बघून ते उभे राहिले, स्टूल पुसून दिलं.

मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, बरणीत हिरवा तुकडा नाही. पहिली बाटली तुम्ही फोडली नाहीत, दुसरीच कुठली तरी फोडलीत. ती रिकामी हिरवी तुमच्याकडे राहिली. तुम्ही ती स्वस्त व्हिस्कीने भरलीत. दुसरी हिरवी लेबलासाठी तुमच्याकडे आली, तेव्हा भरलेली खरी ठेवून घेतलीत आणि ही खोटी परत केलीत. लेबल असं बेमालूम बसवणं तुमच्याशिवाय कोणाला जमतं?

ते ऐकत राहिले. हातातली सुई पिनकुशनमध्ये टोचून ठेवली.

"तुकडा नाही?" एवढंच विचारलं त्यांनी.

"नाही."

"मी माझ्या हाताने टाकला होता, ताई. बुडाचा तुकडा. जाड होता, बरणीच्या तोंडातून जाईना, तिरका करून टाकावा लागला. धाकटा हसत होता मला."

"सांगायला काय जातंय?"

तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला. रागावले नाहीत, ते परवडलं असतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या घरी आजवर कधी आलेच नव्हते.

"निम्मी माझीच होती ना ती, ताई," ते म्हणाले. "माझ्याच बाटलीची मी चोरी करीन? आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी मी फोटो काढतो. बघा." त्यांनी फोन पुढे केला. "बाटली आली त्याच क्षणी काढलाय. धाकट्याला पाठवलाय, 'एवढाच कोपरा ना?' म्हणून. हे त्याचं उत्तर, 'हो'. तो अजून जिन्यातच होता तेव्हा. आली तेव्हा जी होती, तीच परत गेली."

मी फोटो मोठा केला. हिरवी बाटली, मागे बॅटरी लावलेली. काच उजळून आतली पातळी स्पष्ट दिसत होती, पार गळ्याच्या कड्याला टेकलेली. खांद्यापाशी तांदळाएवढा बुडबुडा. आणि बाटलीला खेटून उभी केलेली एक फूटपट्टी.

"ही पट्टी कशाला?" मी विचारलं.

"ती सवय तुमचीच," बाइंडर म्हणाले. "विम्यासाठी तुम्ही धाकट्याच्या बाटल्यांचे फोटो काढलेत, तेव्हा मी बॅटरी धरून उभा होतो. विसरलात?"

मी स्टुलावरून उठले आणि थेट घर गाठलं.

५

विसरलेच होते. ऑपरेशननंतरच्या वर्षी धाकट्याने संग्रहाचा विमा काढला, तेव्हा मीच नाक दाबून एकेका बाटलीचा फोटो काढला होता. शेजारी पट्टी, मागे उजेड. आमच्या कामाची ती पहिली पायरी. नुकसान सांगणाऱ्याचं ऐकायच्या आधी वस्तू पूर्वी कशी होती ते बघायचं. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी हे ओरडून ओरडून शिकवलंय. आणि माझा भाऊ दारात उभा राहिला, गळ्यातली किल्ली काढून हातात दिली, तर मी फोटो बघायचे सोडून त्याचे डोळे पुसत बसले.

निवृत्त होताना फोटो घरच्या कॉम्प्युटरवर आणून ठेवले होते. हिरवीचा सापडला. खांद्यापाशी तोच बुडबुडा, त्याच जागी. काचेत अडकलेली हवा दोन बाटल्यांत एकाच ठिकाणी अडकत नाही. म्हणजे डॉक्टरांनी उघडली ती बाटली तीच होती. बदललेलीच नव्हती. पहिल्या रिकाम्या बाटलीची, पोत्याची, हातोडीची सगळी गोष्ट वाऱ्यावर उडून गेली.

मग पातळी बघितली. माझ्या फोटोत व्हिस्की गळ्याच्या खाली, खांद्याला आलेली. बाइंडरांच्या फोटोत ती कड्याला टेकलेली. बंद बाटलीतली व्हिस्की वर्षानुवर्षं बुचातून उडते आणि पातळी उतरते. चढते कशी? कोणीतरी भरल्याशिवाय चढत नाही. आणि बाइंडरांच्या हातात पडली, तेव्हा ती आधीच चढलेली होती.

गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीला भाव जास्त, हेही धाकट्यानेच मला सांगितलेलं. तो मोह सोडवला नाही त्याच्याने. फसवायला भरतानाही भरली ती दुकानदाराच्या हाताने.

शेवटी मागचा कपाटाचा तळ बघितला. फोटोच्या कोपऱ्यात बरणी आली होती, तुकड्यांनी निम्मी भरलेली. आणि अगदी समोर, काचेला चिकटून, तिरका बसलेला एक जाड हिरवा तुकडा.

बरणी कपाटात. कपाटाला कुलूप. कुलपाची किल्ली गळ्यात. ती किल्ली आजवर दोनच माणसांच्या हातात होती, आणि त्यातली एक मी.

त्याच दुपारी धाकट्याच्या दुकानात गेले. तो काउंटरमागे एका बाटलीच्या बुचावर मेण लावत होता. मला बघून हसला.

"काय, ताई? सापडलं?"

"हिरवी चवीला कशी लागते म्हणालास?"

"का गं?"

"चामडं, मग मध, मग मीठ. आणि महिन्याने गोड होते." मी त्याच्यासमोर बसले. "पहिली बाटली एका बैठकीत संपली. तू तर नुसती हुंगलीस. मग महिन्याने कशी लागते हे तुला कोणी सांगितलं?"

मेणाचा थेंब त्याच्या बोटावर पडला. त्याने तो झटकलासुद्धा नाही.

मी दोन्ही फोटो पुढ्यात ठेवले. त्याने पहिला बघितला, दुसरा बघितला, आणि बरणीवर नजर गेली तेव्हा डोळे मिटून घेतले.

"पहिल्यांदा नुसतं बूच काढलं होतं, ताई," तो म्हणाला. "आई शपथ, नुसता वास घ्यायला. मग एक चमचा. दर रविवारी एक चमचा. सगळ्यांनी माझ्यासाठी पिऊन घेतलं होतं आणि मला काय, तर वास! एकदा बघितलं तर बाटली निम्मी. मग संपली."

"मग सांगायचं."

"कोणाला? तुला? हॉस्पिटलात तू माझा हात धरून बसली होतीस. तुला सांगू, की मी पितोय?"

खरं सांगते, एवढ्यावर थांबला असता तर मी त्याला जवळ घेतलं असतं. चार शिव्या दिल्या असत्या आणि जवळ घेतलं असतं.

"भरून ठेवली," तो पुढे म्हणाला. "विकायची नव्हतीच मला. बाइंडर मागे लागला, त्याला निम्मे पैसे हवे होते. मला वाटलं, डॉक्टर काय उघडतायत? कोणी उघडत नाही गं!"

"आणि तुकडा?"

तो बोटावरचं मेण नखाने खरवडायला लागला.

"बाटली खोटी निघाली, तू घरी आलास आणि सगळ्यात आधी बरणीतून हिरवा तुकडा काढलास. मग माझ्याकडे आलास. असंच ना?"

"तो एकटा आहे गं, ताई," धाकटा म्हणाला, अगदी समजावणीच्या सुरात. "त्याला ना बायको, ना पोर. त्याचं काय जाणार होतं? मला संसार आहे, दुकान आहे, मुलाचं व्हायचंय सगळं."

"आणि मी रे?"

"तुझं सगळे ऐकतात," तो म्हणाला. "तू म्हटलं असतंस तर कोणी शंका घेतली नसती."

केसाने गळा कापणं म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. माझ्या आयुष्यभराच्या कामाची त्याने हातोडी केली होती, आणि मी ती आनंदाने उचलून त्याच्या मित्राच्या डोक्यात घालायला निघाले होते.

"तुकडा दे," मी म्हटलं.

त्याने गल्ल्याच्या मागून रुमालाची पुरचुंडी काढून दिली.

"रविवारी काय सांगशील?" त्याने विचारलं. मी जिन्यापर्यंत पोचले तरी विचारत होता. "ताई? तू माझी ताई आहेस ना?"

६

रविवारी डॉक्टरांच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. डॉक्टर, बाइंडर, धाकटा, भावजय, भाचा आणि मी. मध्ये हिरवी बाटली आणि धाकट्याच्या घरून मागवलेली बरणी. बाइंडर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. शिक्षा ऐकायला माणूस नीटनेटका येतो, हे मी कामाच्या दिवसांतही बघितलंय.

धाकटा माझ्याकडे बघत होता. घाबरलेला नव्हता. लहानपणी खोडी करून माझ्यामागे लपायचा, तेव्हा असाच बघायचा. त्याला खात्री होती.

मी पुरचुंडी सोडली आणि तुकडा टेबलावर ठेवला.

"हा पहिल्या हिरवीचा तुकडा," मी म्हटलं. "बाइंडरांनी स्वतः बरणीत टाकलेला. हा तिथून काढला माझ्या भावाने. दुसरी बाटली प्यायला माझा भाऊ, भरली माझ्या भावाने, विकली माझ्या भावाने. आणि नाव बाइंडरांवर यावं म्हणून मला कामाला लावलं, तेही माझ्या भावानेच."

फोटो फिरवले. कोणी फार वेळ बघितले नाहीत. भावजय आधी हसली, काहीतरी चुकलंय म्हणून. मग तिला रविवारच्या दुपारी आठवल्या असाव्यात. ती उठून आत निघून गेली. भाचा मान खाली घालून बसून राहिला. त्याला माहीत होतं. मुलाने बापाचं नाव घ्यायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही, तर दुसरं काय करणार तो?

"ताई!" धाकटा ओरडला. "तू? तू सख्खी बहीण ना माझी?"

मी टेबलावरचे फोटो गोळा केले.

डॉक्टर म्हणाले, "माझे पैसे तू परत कर. त्यापुढे माझ्या दारात येऊ नकोस." एवढंच. आवाज चढवला नाही.

मग बाइंडर बोलले. "घरी आलास त्या दिवशी तुझ्या वाटचा घोट मी घेतला होता," ते धाकट्याला म्हणाले. "घशाखाली उतरत नव्हता रे. हा जगला आणि याला हे मिळणार नाही, म्हणून रडलो. मागितली असतीस तर माझीही निम्मी दिली असती. कोणाला सांगितलं नसतं."

धाकटा उठला आणि निघून गेला. दार त्याने हळूच लावलं.

रिकामी बाटली फोडायची ही रीत. बाइंडरांनी खोटी व्हिस्की मोरीत ओतली, बाटली पोत्यात घातली आणि अंगणात गेले. आवाज आला. परत आले तेव्हा हातात बुडाचा जाड तुकडा होता. त्यांनी तो आणि टेबलावरचा, दोन्ही तिरके करून बरणीत सोडले. आणि बरणी माझ्याकडे सरकवली.

"ही आता तुमच्याकडे राहू दे."

"बाइंडर," मी म्हटलं, "मला माफ करा."

"तुम्ही शेवटी फोटो बघितलेत, ताई. ते बरं केलंत," ते म्हणाले. पुसलेले हात परत पुसले. "पण त्या दिवशी माझ्याकडे आलात, ते ठरवूनच आला होतात."

पुढच्या आठवड्यात भाचा आला. धाकट्याची किल्ली घेऊन आला होता. "बाबा म्हणाले, आता तुझ्याकडेच ठेव. त्यांचा स्वतःवर भरवसा नाही म्हणाले." मी ती त्याच दोरीसकट परत पाठवली. म्हटलं, त्याला सांग, मी हात धरून बसेन, पुन्हा ऑपरेशन झालं तरी बसेन. पण किल्ली नाही घेणार.

बरणी माझ्या खिडकीत आहे. सकाळी ऊन आलं की दोन्ही हिरवे तुकडे उजळतात. एक धाकटा जगला म्हणून फोडलेल्या बाटलीचा, आणि दुसरा त्या रविवारचा. कुठला कोणता, ते मला ओळखता येत नाही. मी रोज बघते.